तुझं संपतं, माझं सुरू होतं

“चहा टाकू?”

“टाक की.”

या दोन वाक्यांच्या मधे किती वेळ गेला असेल? एक सेकंद? अर्धा? आपल्याला तर वाटतं, काहीच गेला नाही. एकाचं संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं. पण अशी बोलणी ध्वनिमुद्रित करून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या लहरी ताणून पाहिल्या, की मधे एक बारीक फट दिसते. साधारण २०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी. पापणी लवते तेवढ्यात ती फट येते आणि बुजतेही. दिवसभरात अशा शेकडो फटी आपण ओलांडतो, आणि रात्री झोपताना त्यातली एकही आठवत नाही.

समोरासमोरचं बोलणं आणि स्क्रीनवरचं बोलणं यांत फरक काय, असं विचारलं की डोळ्यांत डोळे घालणं, पाठीवरचा हात, आपुलकी ही उत्तरं येतात. ती खोटी नाहीत. पण माझ्या मते खरं नवल आहे ते या फटीत. ती समजली की व्हिडिओ कॉलनंतर डोकं का जड होतं, सातासमुद्रापार असलेल्या मुलीशी बोलताना उगीच का तुटल्यासारखं वाटतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं साधं ‘बरं’ कधीकधी का टोचतं, हे सगळं एकेक करून उलगडायला लागतं.

माणसानं भाषेचा अभ्यास हजारो वर्षं केला. पाणिनीपासून शब्दांची, वाक्यांची चिरफाड झाली. पण दोन माणसांच्या वाक्यांमधल्या जागेकडे बारकाईनं बघायला टेप रेकॉर्डर हाताशी यावा लागला. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन हे तिघं अमेरिकन अभ्यासक लोकांची अगदी साधी, घरगुती, फोनवरची बोलणी पुन्हापुन्हा ऐकत बसले. १९७४ साली त्यांनी जे मांडलं ते वाचून आधी वाटतं, यात काय मोठंसं? बहुतेक वेळा एका वेळी एकच जण बोलतो. पाळी बदलते तेव्हा मधली शांतताही कमीत कमी असते आणि एकमेकांवर आदळणंही कमीत कमी. पण थांबा. हे घडवतं कोण? कुठे घंटा वाजत नाही, कुणी हात वर करत नाही, कोण किती बोलणार हे आधी ठरलेलं नसतं. तरी हे घडतं. तुमच्या घरी, माझ्या घरी, एसटीच्या थांब्यावर, भाजीच्या गाड्याशी.

मग प्रश्न आला की ही सवय एखाद्या समाजाची की माणसाची? नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या तान्या स्टायव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधल्या खऱ्या गप्पा तपासल्या. जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन तर होत्याच. शिवाय मेक्सिकोतल्या माया लोकांची त्सेल्ताल, लाओसमधली लाओ, पापुआ न्यू गिनीतल्या एका बेटावरची, नामिबियातल्या शिकारी जमातीची, अशाही होत्या. भारतातली एकही भाषा त्या दहांत नव्हती, याची मला जरा चुटपुट लागते. ‘हो किंवा नाही’ असं उत्तर मागणाऱ्या प्रश्नांनंतर किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. सर्वांत चटपटीत निघाले जपानी, सरासरी सात मिलिसेकंद! सर्वांत सावकाश डॅनिश, सुमारे ४७० मिलिसेकंद. सगळ्यांची मिळून सरासरी आली २०८. म्हणजे या दहांतला सर्वांत घाईचा आणि सर्वांत निवांत बोलणारा समाज यांत फरक किती, तर अर्ध्या सेकंदाहून कमी. रीतीभाती, पोशाख, देव, जेवणं सगळं वेगळं. पण बोलण्याची ही फट मात्र जवळजवळ सारखी.

आता खरं कोडं पुढेच आहे.

तुम्हाला आंब्याचं चित्र दाखवलं आणि ‘हे काय?’ असं विचारलं, तर तोंडातून ‘आंबा’ बाहेर पडायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चित्र ओळखायचं, शब्द शोधायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, जीभ-ओठ-श्वास यांना कामाला लावायचं असतं. हा हिशेब एका शब्दाचा. सबंध वाक्याला आणखी वेळ लागतो. म्हणजे एक शब्द तयार करायला ६०० आणि उत्तर मात्र २०० मध्ये हजर! शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर हलणं माणसाला शक्य नाही, असं नियम मानतो. त्या धावपटूला फक्त पाय रेटायचा असतो, तोही वर्षानुवर्षं घोटलेला. आपल्याला तर समजून घेऊन, विचार करून, नवं वाक्य रचून द्यायचं असतं.

हिशेब एकाच रीतीनं जुळतो. समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण आपलं उत्तर तयार करतो. आणि तेवढंच पुरत नाही, त्याचं वाक्य नेमकं कधी संपणार हेही आधी ओळखतो. दोरीवरच्या उड्या आठवा. दोघी दोरी फिरवतायत, तिसरीला आत शिरायचंय. ती दोरी वर गेली हे पाहून मग पळत नाही. तसं केलं तर दोरी पायात आलीच. ती बाहेर उभी राहून मान हलवत ठेका पकडते आणि दोरी खाली असतानाच झेप घ्यायला लागते. बोलण्यात आपण सगळे अशाच उड्या मारत असतो.

मराठीत तर हे आणखी अवघड. आपलं क्रियापद बसतं शेवटी आणि नकारही शेवटीच. ‘मी उद्या सकाळी तुमच्याकडे पुस्तकं घेऊन येणार’ इथपर्यंत ऐकलं तरी पुढे ‘आहे’ येतंय की ‘नाही’, हे त्या शेवटच्या क्षणाला ठरतं. तरी आपण अडत नाही. सुराच्या चढउतारावरून, लांबवलेल्या स्वरावरून, आधी काय बोलणं झालं त्यावरून मेंदू वाक्याचं शेपूट आधीच ओळखून बसलेला असतो. जपानी आणि कोरियन भाषांतही क्रियापद शेवटीच येतं, आणि जपानी तर सर्वांत वेगवान!

इतकी बारीक घडी बसलेली असल्यामुळे ती जरा विस्कटली तरी आपल्याला कळतं. मित्राला विचारा, “रविवारी सामान हलवायला येशील का?” तो लगेच “येतो ना” म्हणाला तर प्रश्नच नाही. पण पाऊण सेकंद काही बोललाच नाही तर? तुम्हीच घाईनं पुढे म्हणता, “म्हणजे जमत असेल तरच हं.” त्यानं अजून नकार दिलेलाही नसतो, तुम्ही मधल्या शांततेतच तो वाचलेला असतो. आणि तुमचं वाचन बहुधा बरोबर असतं. होकार लवकर येतो, नकार रेंगाळतो. शांतता सुमारे ७०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की पुढे येणारं उत्तर नाराजीचं असण्याची शक्यता वाढते, असं ध्वनिमुद्रित संभाषणांच्या अभ्यासात दिसलं आहे. एका प्रयोगात तर ध्वनिमुद्रित संभाषणातला होकार तोच ठेवून त्याच्याआधीची शांतता तेवढी वाढवली. ऐकणाऱ्यांना तो माणूस कमी राजी वाटला. शब्द तोच, आवाज तोच.

ही पाऊण सेकंदाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता आपण फोन उचलतोय.

समोरासमोर बसलेल्या दोघांत एक मीटर अंतर धरलं, तर आवाजाला ते कापायला तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोघांचा ‘आत्ता’ एकच असतो. आता आई पुण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत आहे असं धरू. आईचा आवाज मायक्रोफोननं टिपला की त्याचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दाबून लहान केला जातो, त्यावर पत्ता आणि अनुक्रमांक चढतो आणि तो वाटेला लागतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात; अशाच केबलमधून प्रकाशाच्या रूपानं ते तुकडे अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक ओलांडू शकतात. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून! काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ अंतर अंदाजे साडेबारा हजार किलोमीटर, केबलचा रस्ता त्याहून लांब. त्यामुळे काहीही केलं तरी एका बाजूच्या प्रवासाला साठेक मिलिसेकंद जाणारच. हे विश्वानंच घालून दिलेलं बंधन आहे, कुठलाही महागडा प्लॅन घेऊन ते सुटत नाही.

पलीकडे पोचल्यावरही काम संपत नाही. तुकडे मागेपुढे येतात. एखादा वाटेत हरवतो. म्हणून फोन आलेले तुकडे लगेच वाजवत नाही. थोडे साठवतो, क्रम लावतो, मग वाजवतो. हरवलेल्याच्या जागी आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजानं भर घालतो. चित्र असेल तर ओठ आणि आवाज जुळवायला आणखी थोडा वेळ. एवढं सगळं करून आईचं “जेवलीस का?” तिकडे तिच्याच आवाजात, तिच्याच काळजीसकट उमटतं, याचं मला अजूनही रोज नवल वाटतं.

पण त्या फटीचं काय झालं ते पाहा. समजा एका बाजूचा उशीर २५० मिलिसेकंद आहे. वाय-फाय रडतखडत चालत असेल तर एवढा सहज होतो. आईचा प्रश्न मुलीच्या कानावर पडला आणि तिनं अगदी वेळेवर, २०० मिलिसेकंदांत, “हो, आत्ताच” म्हटलं. तिच्या बाजूनं कसलीही कुचराई नाही. आईच्या बाजूनं बघा. प्रश्न जायला २५०, मुलीचे २००, उत्तर यायला २५०. एकूण ७००! पुण्यात ऐकू येणारी शांतता नेमकी तेवढी, जेवढी आपण नकाराची, अवघडलेपणाची खूण मानतो. ‘जेवली नसणार, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय.’ उलट मुलगी काही विचारेल तेव्हा तिलाही आई घुटमळल्यासारखी वाटणार. दोघी आपापल्या घड्याळात चोख आहेत आणि दोघींना दुसरीच कचरतेय असं वाटतंय. एकाच संभाषणाची दोन वेगळी रूपं, दोन खंडांवर, एकाच वेळी चालू असतात!

यातून ती धडक होते, जी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. दोघंही गप्प, दोघंही एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात. “तू बोल.” “नाही, तू बोल ना.” हेही एकदमच. मला वाटलेली मोकळी जागा मोकळी नव्हतीच. तुमचे शब्द निघालेले होते, फक्त अजून समुद्रात होते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. समोरासमोरच्या गप्पांत पाळी बदलायला सरासरी १३५ मिलिसेकंद लागत होते. झूमवर तेच ४८७ झाले. आणि झूमनं पाठवायला लावलेला उशीर किती होता? अवघा ३० ते ७० मिलिसेकंद. घातला एवढासा उशीर आणि फट वाढली साडेतीनशेनं! मधली तूट फक्त यंत्राच्या नावावर जमा करता येत नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं की आपला मेंदू समोरच्याच्या बोलण्याचा ठेका धरतो, आणि छोटा पण सारखा बदलणारा उशीर तो ठेकाच मोडतो. मग जे आपोआप होत होतं ते मुद्दाम करावं लागतं. दिवसभराच्या मीटिंगनंतर येणाऱ्या शिणवट्यात याचाही वाटा असणार, असं मला पक्कं वाटतं. बर्लिनच्या एका प्रयोगात तर उशीर मुद्दाम वाढवला तेव्हा लोकांनी लाइनला दोष न देता पलीकडच्या माणसालाच कमी लक्ष देणारा ठरवलं. आपण माणसं किती पटकन दुरावतो, आणि तेही कशानं!

पूर्वी हे याहून कठीण होतं. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रहाशी जोडणारं केंद्र उभं राहिलं आणि परदेशी फोन अवकाशातून जायला लागले. तो उपग्रह जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. त्या काळात परदेशी फोनवर लोक एक वाक्य ठणठणीत बोलून थांबून राहायचे. त्यांनी आपल्या नकळत बोलण्याची नवी रीत बसवली होती.

आता या फटीतून जरा बाजूला होऊन ऐकणाऱ्याकडे बघू. आपल्याला वाटतं, गोष्ट सांगणारा सांगतो आणि ऐकणारा गप्प असतो. गप्प? कुणाचंही बोलणं नीट ऐका: “हं… हं… अय्या! मग?… काय सांगतेस!… बरं…” गावाकडे गोष्ट रंगायची तर कुणीतरी हुंकार द्यायला लागतो, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक. हुंकार थांबला की त्या विचारायच्या, झोपलास का रे? कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जेनेट बाव्हेलास यांनी २००० साली हेच प्रयोगानं दाखवलं. माणसांना त्यांच्यावर गुदरलेले, थोडक्यात बचावल्याचे प्रसंग सांगायला लावले. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं, ‘टी’ या अक्षरानं सुरू होणारे किती शब्द येतात ते मोजायचे. ते बिचारे शब्द कान देऊन ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. त्यामुळे नेमक्या क्षणी त्यांचा श्वास अडकेना, भुवया उंचावेनात. आणि काय झालं? सांगणाऱ्यांच्याच गोष्टी बिघडल्या. शेवट गडबडला, पुन्हापुन्हा सांगितला गेला, आपण हे का सांगतोय याची सारवासारव सुरू झाली. स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग, स्वतःला पाठ असलेला, तोही समोरच्याच्या हुंकाराशिवाय नीट सांगता येईना!

म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या पोटात तयार नसते. ती दोघं मिळून घडवतात. आता ऑनलाइन सभेतला तो शिष्टाचार आठवा: ‘कृपया सर्वांनी म्यूटवर राहा.’ पंचवीस चौकटी, पंचवीस बंद तोंडं. शिक्षक, वक्ते सांगतात की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या भाषणाचा अर्धा लेखक म्यूट केलेला असतो.

आणि कट्टा? संध्याकाळच्या कट्ट्यावर आठजण बसले तर आठजणांच्या एकच गप्पा कधी चालतात का? जरा वेळानं पाहा, तिघं क्रिकेटवर, दोघं नोकरीवर, उरलेले तिघं कुणाच्या तरी लग्नावर. ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी लोकांचे घोळके निरखून सांगितलं की एक संभाषण साधारण चारजणांपर्यंत टिकतं. पुढे ते फुटतं. फुटतं आणि पुन्हा जुळतंही. शेजारच्या गप्पांत आपलं नाव आलं की कान तिकडे वळतो. या गोंगाटात आपण एकाचंच बोलणं कसं वेगळं काढतो? दोन कानांमुळे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला एक मिलिसेकंदाच्याही आत. तेवढ्याशा फरकावरून मेंदू प्रत्येक आवाजाला त्याची जागा देतो. फोनच्या एकाच छिद्रातून सगळे आवाज आले की जागाच संपली. म्हणून दहाजणांच्या कौटुंबिक व्हिडिओ कॉलवर एकच काका बोलतात आणि नऊजण ऐकतात. काकांचा स्वभाव बोलका असेल, पण दुसरं काही शक्यही नसतं.

हातांची गंमत तर वेगळीच. जन्मापासून न पाहू शकणारी मुलं बोलताना हातवारे करतात, समोरचाही अंध आहे हे माहीत असताना करतात. १९९८ साली हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. कुणाचे हातवारे त्यांनी कधी पाहिलेले नाहीत, त्यांचे कुणी पाहणार नाहीत. म्हणजे हात केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी हलत नाहीत. फोनवर पत्ता सांगताना रिकाम्या खोलीत ‘तिथून असं डावीकडे’ म्हणत आपला हात वळतो, तो त्यामुळेच.

मग राहिलं अक्षरांचं बोलणं, म्हणजे चॅट. इथे सूर नाही, चेहरा नाही, फट तर नाहीच. उत्तर दोन सेकंदांत येईल किंवा दोन दिवसांनी. लोकांना ईमेलमधून थट्टा किंवा गांभीर्य किती नीट पोचवता येतं, हे २००५ साली तपासलं गेलं. लिहिणाऱ्यांची खात्री होती की ७८ टक्के वेळा समोरच्याला कळेल. कळलं ५६ टक्के वेळा. नाणं उडवून बघितलं असतं तरी जवळपास तेवढंच. लिहिताना आपला सूर आपल्याच डोक्यात वाजत असतो आणि आपण समजतो की तो कागदावरही उतरला.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातला २०१२ सालचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण आणि गणितं करायला लावली. पोरी घाबरल्या. मग काहीजणी आईला भेटल्या, काही आईशी फोनवर बोलल्या, काहींनी चॅटवर संदेशांची देवाणघेवाण केली, काही एकट्याच बसल्या. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ताणाचं कॉर्टिसॉल उतरलं, जवळिकीचं ऑक्सिटोसिन वाढलं. चॅट करणाऱ्या मुलींचे आकडे एकट्या बसलेल्या मुलींसारखेच निघाले. आईनं धीराचेच शब्द लिहिले होते. शरीराला मात्र आवाज हवा होता.

तरीही चॅटला मी दुय्यम म्हणणार नाही. हरवलेलं परत मिळवायला माणसं त्यात काय काय करतात ते बघा! ‘हो’ आणि ‘होओओओ’ यांत पूर्ण वेगळा माणूस उभा असतो. मोठं वाक्य एकदम न पाठवता ‘अगं’ … ‘ऐक ना’ … ‘काय झालं माहितीये’ असे तीन संदेश सोडले की आपली पाळी धरून ठेवता येते. १९८२ साली स्कॉट फाल्मन यांनी अपूर्णविराम, रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला, तो गमतीचं वाक्य गमतीचं आहे हे कळावं म्हणून. आणि पडद्यावर वर उमटणारं ते ‘टायपिंग…’? ते म्हणजे समोरच्यानं बोलण्याआधी घेतलेला श्वास. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या टॉकोमॅटिक नावाच्या प्रणालीत तर टाइप होणारं प्रत्येक अक्षर, खोडलेलंसुद्धा, त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं. आज ते दिसत नाही याचं मला बरंही वाटतं आणि थोडं वाईटही.

पण हाडामांसाचा माणूस समोर असणं महत्त्वाचं, की वेळेवर मिळणारा प्रतिसाद? याचं उत्तर बाळांनी दिलं. २००३ साली सिअॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळली, वाचली, बोलली. काहींना तीच माणसं, तेच साहित्य, टीव्हीवर दाखवलं. बारा बैठका झाल्या. प्रत्यक्ष माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना त्या परक्या भाषेतले बारीक ध्वनी ओळखता यायला लागले. टीव्हीवाल्यांना काहीच नाही. शून्य! मग टीव्हीत काय कमी होतं? चेहरा होता, आवाज होता. पण बाळ हसलं तर टीव्हीतली बाई हसत नव्हती.

त्याआधी, १९८५ साली लिन मरे आणि कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनी सुमारे दोन महिन्यांच्या बाळांना त्यांची आई कॅमेऱ्यातून थेट दाखवली. बाळं खुलली, हुंकारली. मग आईचंच आधीचं, हसऱ्या गप्पांचं चित्रीकरण लावलं. बाळं बावरली, नजर फिरवायला लागली. चेहरा आईचाच, आवाज आईचाच, फक्त तो आता त्यांना उत्तर देत नव्हता. दोन महिन्यांच्या जिवाला हे कळतं!

आणि २०१४ साली रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवले. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओतून मुलं शिकली नाहीत. थेट व्हिडिओ कॉलवर, जिथे बाई त्यांच्या बोलण्याला उत्तर देत होती, तिथे ती प्रत्यक्ष भेटीइतकीच शिकली. म्हणजे साताऱ्यातली आजी पडद्यावर पदर तोंडावर घेऊन ‘बुवा… कुक!’ करते, डॅलसमधला नातू खिदळतो, ते पाहून आजी पुन्हा पदर ओढते, तेव्हा तिथे खरोखरीचं संभाषण चालू असतं. पडदा आड येत नाही. गैरहजेरी येते, उशीर येतो.

या सगळ्यात मला सर्वांत थरारून टाकणारी गोष्ट आवाजाशिवायची आहे. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसांच्या गप्पा नेदरलँड्समध्ये मोजल्या गेल्या. एकाच्या हातांची शेवटची हालचाल आणि दुसऱ्याच्या हातांची पहिली, यांतली फट जवळपास बोलणाऱ्यांएवढीच निघाली. म्हणजे ती कानाची नाही, घशाची नाही. माणसाच्या एकत्र असण्याची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी दोघींना ऐकू येत नव्हतं, आणि १८७६ साली त्यांनी जगाला दिलेलं यंत्र त्या दोघींच्याच कामाचं नव्हतं. जवळजवळ सव्वाशे वर्षं दूरवर बोलण्यातली ही जलद पाळी ऐकू येणाऱ्यांचीच राहिली. कर्णबधिरांना अक्षरांवर भागवावं लागलं.

मग खिशात मावणारा कॅमेरा आला. आज मुंबईच्या लोकलच्या फलाटावर उभे राहून व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलणारी तरुण मुलं दिसतात. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बोलणं. दोन्ही हात लागतील अशी खूण आली की फोन पटकन बाकावरच्या सॅकला टेकवला जातो आणि सगळी गँग चौकटीत येण्यासाठी एक पाऊल मागे सरकते. मधेच एकजण दुसऱ्याचं तोडतो, तिसरा दोघांवर हसतो, पडद्यातली मैत्रीण सगळ्यांना गप्प करून आपलंच पुढे दामटते. विरारची गाडी शिरते, भोंगा वाजतो, आजूबाजूला फोनवर ओरडणारे सगळे “काय? काय? ऐकू येत नाहीये!” करायला लागतात. यांच्या गप्पा मात्र अखंड चालू.